लासलगावात जन्मलेला १७ वर्षांचा पोरगा विलायतेहून एकटा विमान घेऊन आला. ऐन वाटेत प्रतिस्पर्धीच मदतीला धावला

जुन्नर-आंबेगावच्या कांदा उत्पादकाला लासलगाव नवं नाही. मंचर, ओतूरला कांदा न्यायचा असला, तरी लासलगावला काय भाव निघाला ते आधी मोबाईलवर बघितलं जातं. पण याच लासलगावात देशाच्या हवाई दलाचे एक प्रमुख जन्मले, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यांचं नाव अ‍ॅस्पी मेरवान इंजिनिअर.

१५ डिसेंबर १९१२ रोजी एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील रेल्वेत इंजिनिअर होते. अ‍ॅस्पी वाढले कराचीत आणि विमान चालवायलाही तिथेच शिकले.

आगाखान यांनी ५०० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हा प्रवास जो भारतीय एकट्याने, ठरलेल्या मुदतीत, सर्वांत आधी पूर्ण करेल त्याला ते मिळणार होतं. मार्च १९३० मध्ये अ‍ॅस्पी आर. एन. चावला यांच्याबरोबर कराचीहून इंग्लंडला गेले. पण विमानात दोघे होते, म्हणून हा प्रवास बक्षिसात धरला जाणार नव्हता. मग २५ एप्रिलला ते लंडनजवळच्या क्रॉयडनहून एकटेच परत निघाले. वय अवघं १७!

विमान होतं जिप्सी मॉथ. एकच इंजिन, वर छप्पर नाही, रेडिओ नाही. वेग ताशी १४० किलोमीटरच्या आसपास. नकाशा बघायचा, खालची नदी, किनारा, रेल्वेचे रूळ ओळखायचे आणि पुढे जायचं.

इजिप्तमध्ये अबूकीरला घोडं अडलं. इंजिनाचे स्पार्क प्लग गेले आणि जवळ जादा प्लग नव्हते. मोटारसायकलला असतो तसलाच हा प्लग, पण तो नसला तर विमान जागचं हलत नाही.

त्याच वेळी कराचीहून उलट दिशेने निघालेले २५ वर्षांचे जे. आर. डी. टाटा तिथे उतरले. तेही याच बक्षिसासाठी निघाले होते. गप्प बसून पुढे गेले असते तरी त्यांना कुणी नाव ठेवलं नसतं. पण टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग काढून दिले. अ‍ॅस्पींचं इंजिन पुन्हा सुरू झालं.

११ मे १९३० रोजी अ‍ॅस्पी कराचीत उतरले. टाटांचं बक्षीस काही तासांनी हुकलं. तिसरे स्पर्धक मनमोहन सिंग यांचीही मजल पूर्ण झाली होती, पण ठरलेली मुदत उलटून गेली होती. बक्षीस अ‍ॅस्पींना मिळालं. टाटांनी मनात काही धरलं नाही. या यशामुळे त्या मुलाला हवाई दलात जायला मदत झाली, याचंच समाधान त्यांनी पुढे बोलून दाखवलं.

अ‍ॅस्पींना युद्धातल्या कामगिरीबद्दल डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. १ डिसेंबर १९६० रोजी, सुब्रतो मुखर्जी यांच्या निधनानंतर, एअर मार्शल इंजिनिअर हवाई दलाचे प्रमुख झाले. गोवा मुक्ती आणि १९६२ चं चीन युद्ध त्यांच्याच काळातलं. त्यांचे भाऊ मिनू हेही एअर मार्शल झाले. टाटांनी १९३२ मध्ये कराची-मुंबई टपाल विमानसेवा सुरू केली, तीच पुढे एअर इंडिया झाली.

१९६४ मध्ये निवृत्त झाल्यावर अ‍ॅस्पी इराणमध्ये भारताचे राजदूत होते. १ मे २००२ रोजी त्यांचं निधन झालं. अबूकीरला दिलेल्या त्या प्लगांमुळे टाटांचं बक्षीस गेलं, पण देशाला हवाई दलाचा प्रमुख मिळाला.