फौजदार न झालेला हरिदास

आमच्या गावापासून शिर्डी सायकलने अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. पहाटे चारला आई मला हाक मारते. ती शिर्डीतल्या एका लॉजच्या भटारखान्यात भांडी घासायला निघते आणि मी पाटाच्या कडेने धावायला जातो. मला पोलीस उपनिरीक्षक व्हायचे आहे. गावात त्याला अजून फौजदारच म्हणतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. म्हणून घरच्यांना माझे हे स्वप्न माझ्याहूनही मोठे वाटते.

वडील दर गुरुवारी गावच्या देवळात भजनाला उभे राहतात. लहानपणी मीही त्यांच्या शेजारी झांज घेऊन उभा राहत असे. कॉलेजात आल्यावर मात्र ते सुटले. कारण अभ्यासाचे सांगितले, पण खरे कारण लाज हे होते. शहरातल्या मित्रांनी मला टाळकऱ्यांच्या रांगेत पाहिले तर काय म्हणतील, असे वाटे.

यंदा वार्षिक अंकासाठी एखाद्या व्यक्तीचे चरित्र लिहावे असे सरांनी सुचवले. ग्रंथालयात शोधताना एक नाव समोर आले. शिर्डीच्या माध्यान्ह आरतीत शिर्डीलाच पंढरपूर मानणारी जी रचना म्हटली जाते, ती ज्यांची, ते संतकवी दासगणू महाराज. त्यांच्या चरित्राची पहिली पाने वाचतानाच मी थबकलो. या हरिदासालाही एके काळी फौजदारच व्हायचे होते!

मित्रहो, दासगणूंचे मूळ नाव गणपत दत्तात्रेय सहस्रबुद्धे. जन्म 6 जानेवारी 1868 चा, आपल्याच जिल्ह्यातल्या अकोळनेर गावचा. त्या वेळी जिल्ह्याचे नाव अहमदनगर होते, आज अहिल्यानगर आहे. मुलाची बुद्धी तल्लख, पण शाळेत फारसे मन रमले नाही आणि शिक्षण अर्ध्यावर राहिले. पुढे गणपतराव पोलीस खात्यात शिपाई झाले. त्यांच्याकडे एक उपजत देणगी होती. बसल्या बैठकीत ते कवन रचीत. तमाशाच्या फडासाठी लावण्या लिहून देत. दिवसा कमरेला पट्टा आणि रात्री फडात वाहवा, असे ते दिवस होते.

महसूल खात्यातले अधिकारी नानासाहेब चांदोरकर साईबाबांचे निस्सीम भक्त होते. त्यांच्याबरोबर गणपतराव 1890 च्या दशकात शिर्डीला आले, ते श्रद्धेने नव्हे, साहेबांच्या दिमतीला असलेला शिपाई म्हणून. मशिदीत बसलेला हा फकीर आपला गुरू होईल असे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. त्यांना रीतसर उपदेश वामनशास्त्री इस्लामपूरकरांकडून मिळालेला होता. शिवाय साईबाबा कोणाच्या कानात मंत्र फुंकीत नसत. त्यांनी गणूला एवढेच सुचवले, की पोलिसाची नोकरी आणि लावण्या दोन्ही सोड, संतांची चरित्रे लिही आणि देवाचे गुण गा.

इथून पुढची हकिकत मला फार मानवी वाटते, कारण गणपतरावांनी ते ताबडतोब ऐकले नाही. डोळ्यांसमोर फौजदारकी होती. चरित्रकार सांगतात, की कान्हा भिल्ल नावाच्या दरोडेखोराच्या मागावर त्यांना पाठवले होते. रामदासी बैराग्याचा वेष घेऊन ते राममंदिरात राहिले. दरोडेखोराने त्यांना ओळखले आणि प्राणावर बेतले. त्या क्षणी त्यांनी बाबांचा धावा केला व सुटलो तर नोकरी सोडीन असा शब्द दिला. सुटकेनंतर शब्द मागे पडला आणि नोकरी तशीच चालू राहिली. संकट आले की वचन द्यायचे व ते टळले की विसरायचे, हे एकदा नव्हे, पुनःपुन्हा झाले. शेवटी सरकारी रकमेच्या अपहाराचा आळ अंगावर आला. त्यातून निर्दोष सुटल्यावर 1903 च्या सुमारास त्यांनी राजीनामा दिला. फौजदारकी राहिली ती राहिलीच.

आपण परीक्षेच्या आदल्या रात्री देवाला किती वचने देतो आणि निकाल लागल्यावर किती पाळतो, हे ज्याने त्याने मनात आठवावे. गणपतरावांची गंमत आपल्याला करता येणार नाही.

नोकरी सुटल्यावर गणपतरावांचे दासगणू झाले. नांदेड ही त्यांची कर्मभूमी ठरली. ‘भक्तलीलामृत’, ‘संतकथामृत’ असे ओवीबद्ध ग्रंथ त्यांनी रचले. ‘भक्तलीलामृता’च्या 31 ते 33 या अध्यायांत साईबाबांची कथा आहे. बाबा हयात असतानाच ती लोकांपर्यंत पोहोचली. पण ग्रंथापेक्षाही मोठे काम कीर्तनाने केले.

कीर्तनाची रीत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. नारदीय कीर्तनात बुवा एकटे उभे असतात, साथीला पेटी आणि तबला. पूर्वरंगात एखादे पद घेऊन त्याचे निरूपण होते. मग मध्यंतर येतो. बुवांना हार घालतात, बुक्का लावतात आणि सारी सभा नामाचा गजर करते. त्यानंतर उत्तररंगात एखाद्या भक्ताचे आख्यान लागते आणि शेवटी आरती. बुवा कितीही विद्वान असोत, त्या मध्यंतरात त्यांचा आवाज आणि मागच्या रांगेतल्या हमालाचा आवाज एकाच मापाचे होतात. गजर कोणाचा, हे सांगता येत नाही. मला वाटते, सबंध कीर्तनाचे मर्म त्या थोड्या वेळात आहे.

एकदा शिर्डीत कीर्तन होते. दासगणू तेव्हाच्या हरिदासी रिवाजाप्रमाणे लांब अंगरखा, उपरणे आणि फेटा अशा थाटात बाबांच्या दर्शनाला गेले. बाबांनी नवरदेवासारखे सजून कोठे निघालास, अशा अर्थाची थट्टा केली आणि तो सारा पोशाख उतरवायला लावला. तेव्हापासून दासगणू नारदाच्या रीतीने उघड्या अंगाने, गळ्यात हार आणि हातात चिपळ्या घेऊन उभे राहू लागले. ते व्रत त्यांनी जन्मभर पाळले. कीर्तनाचा मोबदलाही ते घेत नसत.

ही गोष्ट वरवर पोशाखाची आहे. पण विचार केला म्हणजे कळते, की त्या काळी हरिदासाचा मान त्याच्या अंगरख्यात आणि फेट्यात होता. शिपायाचा पट्टा आधी सुटला होता, आता हरिदासाचा फेटाही गेला. माणूस एक मोठेपणा टाकतो आणि नकळत दुसरा चढवतो. गुरूचे काम तो दुसराही दाखवून देण्याचे असावे.

आमच्या अभ्यासात नवविधा भक्ती आहे. तिच्यात कीर्तन दुसरे आणि आत्मनिवेदन, म्हणजे स्वतःला अर्पण करणे, नववे. पतंजलींनी योगाच्या नियमांत ईश्वरप्रणिधान सांगितले आहे, तेही याच दिशेचे. परीक्षेत आपण नऊ नावे क्रमाने लिहून गुण मिळवतो. दासगणूंना मात्र दुसऱ्यापासून नवव्यापर्यंत जायला अर्धे आयुष्य लागले, आणि तेही अडखळत. प्रयागस्नानाला जाण्याची त्यांनी परवानगी मागितली, तेव्हा बाबांच्या पायांच्या अंगठ्यांतून गंगा-यमुना वाहिल्याची कथा प्रसिद्ध आहे. ते तीर्थ त्यांनी मस्तकी घेतले, पण मशिदीतले म्हणून प्राशन करायला मन धजले नाही, असेही चरित्रकार नोंदवतात. मला हा कमीपणा लपवावासा वाटत नाही. शरण जाणे एका दिवसात होत नाही, याचीच ती साक्ष आहे.

आता माझ्या मनातली खरी अडचण सांगतो. हे चरित्र वाचून मला भीती वाटली. गुरूने नोकरी सोडायला लावली, तर मग मीही फौजदारकीचा नाद सोडावा काय? आईच्या हाताला भांड्यांच्या राखेने आणि साबणाने पडलेल्या चिरा मला दिसतात. माझ्या पगाराची ती वाट पाहते. तिला मी कीर्तनाच्या गोष्टी सांगू काय?

उत्तर मला याच चरित्रात सापडले. ठाण्याच्या कौपीनेश्वर मंदिरात दासगणूंचे कीर्तन चालू असताना श्रोत्यांत चोळकर नावाचे एक गरीब कारकून होते. नोकरी कच्ची, संसार मोठा. खात्याची परीक्षा पास होऊन नोकरी कायम झाली, तर शिर्डीला येऊन बाबांच्या नावाने खडीसाखर वाटीन, असा नवस त्यांनी तिथेच केला. परीक्षा पास झाली, पण शिर्डीपर्यंतचे भाडे जमेना. मग त्यांनी साखर सोडून बिनसाखरेचा चहा घेऊन पैसा साठवला आणि नवस फेडला. त्यांना कोणी नोकरी सोड म्हटले नाही. चांदोरकर तर डेप्युटी कलेक्टर झाले, त्यांनाही कोणी सोड म्हटले नाही. गणूला मात्र सोड म्हटले. म्हणजे सगळ्यांना एकच औषध नव्हते. ज्याला जे घट्ट धरून बसले होते, ते त्याने सैल करायचे होते. गणूचे ते फौजदारकीत होते. माझे कशात आहे, हे मी स्वतःला विचारले आणि उत्तर आले: लाजेत.

शरण जाणे म्हणजे बुद्धी गहाण टाकणे, असा एक आक्षेप आम्ही विद्यार्थी नेहमी घेतो. गुरूच्या नावाने फसवणूक होते हे खरे, म्हणून आक्षेप अगदीच खोटा नाही. पण दासगणूंची बुद्धी गहाण पडलेली दिसत नाही. त्यांनी ईशावास्य उपनिषदावर ओवीबद्ध टीका लिहायला घेतली. टीका झाली, तरी अर्थाचे समाधान होईना. पंडितांना विचारले, तरी शंका फिटली नाही. शेवटी त्यांनी बाबांना विचारले. बाबांनी काही समजावून न सांगता कळवले, की परत जाताना विलेपार्ल्याला काकासाहेब दीक्षितांच्या घरी उतर, तिथली मोलकरीण तुझी शंका फेडील. लोक हसले असतील. दासगणू गेले.

पहाटे त्यांना गाणे ऐकू आले. एक लहान मुलगी भांडी घासता घासता नारिंगी साडीचे वर्णन गात होती. स्वतः तिच्या अंगावर फाटके लुगडे होते. तिची दया येऊन त्यांनी तिला नवे लुगडे देववले. ते नेसून ती आनंदाने नाचली, बागडली. दुसऱ्या दिवशी मात्र ती पुन्हा फाटकेच नेसून आली आणि कालच्याइतकीच आनंदात होती. नवे घरी जपून ठेवले होते. सुख लुगड्यात नाही आणि फाटकेपणाने ते जात नाही. त्याग करून भोगावे असे उपनिषद सांगते, त्याचा अर्थ दासगणूंना तिथे उमगला.

ही कथा मी वाचली त्या दिवशी आई रात्री नऊला घरी आली होती. त्या मुलीचे नाव पोथीत येत नाही, ती घरगड्याची बहीण एवढीच ओळख राहिली. मला खरे सांगायचे तर याचा रागही आला. भांडी घासणाऱ्या मुलीकडून वेदान्त शिकावा आणि तिचे नाव विसरावे, हे बरे नव्हे. शिवाय गरिबाला गरिबीतच सुखी ठेवण्यासाठी ही कथा कोणी सांगत असेल, तर ती उलटी सांगितली असे मी म्हणेन. तिने नवे लुगडे नाकारले नव्हते, हौसेने नेसले होते. आणि शिकायला गेला होता तो पंडित, मोलकरीण नव्हे. उपनिषदावर टीका लिहिणारा माणूस भटारखान्याच्या दाराशी कान देऊन उभा राहिला, हीच त्याची शरणागती.

1914 च्या सुमारास शिर्डीतल्या रामनवमी उत्सवाचे कीर्तन बाबांनी कायमचे दासगणूंकडे सोपवले. त्यांच्या कीर्तनांमुळे मुंबई-ठाण्याकडची माणसे शिर्डीची वाट चालू लागली. 1918 च्या गणेशचतुर्थीला नर्मदेकाठी महेश्वर येथे, अहिल्यादेवींच्या त्या पुण्यनगरीत, त्यांनी ‘साईनाथ स्तवनमंजरी’ पूर्ण केली. त्यानंतर महिन्याभराने, 15 ऑक्टोबर 1918 रोजी विजयादशमीला बाबांनी देह ठेवला. दासगणू तेव्हा पंढरपुरात होते. बाबांनी स्वप्नात येऊन आपल्याला फुलांनी झाकायला सांगितले, अशी कथा आहे. ते शिष्यांसह शिर्डीला आले, समाधीपाशी अहोरात्र नामसंकीर्तन केले, हरिनामाचा हार गुंफून वाहिला आणि अन्नदान केले. शोकसभा नाही, भाषण नाही. अनेक कंठांतून एक नाम, हीच त्यांची श्रद्धांजली.

पुढेही ते लिहीत आणि गात राहिले. शेगावच्या गजानन महाराजांवरचा ‘गजाननविजय’ हा 21 अध्यायांचा ग्रंथ त्यांचाच. तो आज घरोघरी पारायणात आहे. 26 नोव्हेंबर 1962 रोजी पंढरपूर येथे, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. नांदेड जिल्ह्यातल्या गोरटे येथे त्यांचे प्रतिष्ठान आहे.

मी परीक्षेचा अर्ज भरणार आहे. पहाटेचे धावणेही चालू आहे. फक्त एक बदल झाला. मागच्या गुरुवारी मी न बोलता वडिलांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. खिशातून दुसरी झांजेची जोडी काढून माझ्या हातात दिली. म्हणजे दोन वर्षे ती जोडी दर गुरुवारी त्यांच्या खिशात येतच होती. गजर सुरू झाला आणि थोड्या वेळाने माझा आवाज कोणता, वडिलांचा कोणता, हे मलाच कळेनासे झाले.

— द्वितीय वर्ष, कला