सहा डॉलरचा क्वार्टरबॅक

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. त्यात क्वार्टरबॅक हा संघाचा मेंदू. चेंडू कोणाकडे फेकायचा, हे तो दोन-तीन सेकंदांत ठरवतो. या जागेवरचं मोठं नाव म्हणजे जॉनी युनायटस.

जन्म १९३३ चा, पिट्सबर्गचा. पाच वर्षांचा असताना वडील गेले. त्यांचा घरोघरी कोळसा पोचवण्याचा धंदा आईने चालवला आणि चार मुलं वाढवली. १९५५ मध्ये लुईव्हिल विद्यापीठातून बाहेर पडल्यावर गावच्याच स्टीलर्स संघाने त्याला निवडलं, पण एकही सामना न खेळवता घरी पाठवलं. पदरी बायको-मूल. पठ्ठ्या बांधकामावर राबला आणि एका स्थानिक संघाकडून सामन्याला सहा डॉलरवर खेळत राहिला.

१९५६ मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सने बोलावलं. मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला आणि जॉनी मैदानात उतरला. पहिलाच पास गेला थेट शिकागोच्या खेळाडूच्या हातात, आणि त्याने टचडाउन केला! दुसरा कुणी खचला असता. जॉनीने मात्र त्याच वर्षापासून १९६० पर्यंत सलग ४७ सामन्यांत टचडाउन पास दिला. हा विक्रम थेट २०१२ मध्ये मोडला.

२८ डिसेंबर १९५८. अंतिम सामना, समोर न्यूयॉर्क जायंट्स. शेवटची दोन मिनिटं, कोल्ट्स तीन गुणांनी मागे. जॉनीने एकेक पास देत बरोबरी गाठून दिली आणि जादा वेळेत सामना २३-१७ असा जिंकला. १९५९ मध्ये पुन्हा विजेतेपद.

२००२ मध्ये तो गेला. दोस्तहो, स्टीलर्सने त्याला नापास केलं ते पेपर न तपासताच. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या यादीत नाव नसलं, तर एवढं आठवा. आणि सराव सोडू नका.