पाळकपदाची पूर्वतयारी : कै. रेव्ह. नारायण वामन टिळक

चित्तपावन ज्ञातीत जन्मास येऊन महाराष्ट्रास ललामभूत झालेल्या पुरुषांची नामावळी देताना कै. रेव्ह. नारायण वामन टिळक यांचे नाव घ्यावे किंवा कसे, याविषयी ज्ञातिबांधवांच्या मनात अद्यापि किंतु आढळतो. आम्ही मुलांस त्यांच्या कविता वर्षानुवर्षे शिकविल्या. म्हणून त्यांच्या काव्याविषयी न लिहिता, ते ख्रिस्ती मंडळीचे पाळक कसे झाले, तेवढेच येथे सांगण्याचे योजिले आहे.

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली झाला. मातोश्री जानकीबाई भाविक व काव्यप्रेमी होत्या. बालपणीच त्यांचे छत्र हरपले आणि नारायणरावांनी नाशिकची वाट धरली. तेथे संस्कृताचे अध्ययन झाले. पुढे नागपुरास श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी वैदिक वाङ्मयाचे काम केले व 'ऋषि' नावाचे मासिक चालविले. धर्म आणि देशोन्नती यांचा मेळ कसा घालावा, हा एकच ध्यास त्यांस लागला होता.

१८९३ साली राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांस नव्या कराराची प्रत दिली. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. सुमारे दोन वर्षांच्या मनोमंथनानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निश्चयाचे मोल फार मोठे होते. आप्तेष्ट तुटले, ज्ञातीने पाठ फिरविली. पत्नी लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. त्यांस काही वर्षे पतीपासून दूर राहावे लागले. पुढे त्या नगरास आल्या, त्याही आपले सोवळेओवळे सांभाळून. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. स्वतःच्या विचाराने लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. आमच्या मते टिळकांच्या पाळकपदाची खरी परीक्षा घरातच झाली. जो आपल्या माणसाची वाट पाहू शकतो, तोच कळपाची राखण करू शकतो.

अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या, धर्मोपदेशक तयार करणाऱ्या पाठशाळेत टिळक अध्यापन करू लागले. उपदेशकाने ग्रंथ पाठ करून भागत नाही, श्रोत्यांची भाषा त्याच्या अंगी मुरली पाहिजे, हे त्यांनी ओळखले. परक्या चालीवरील भाषांतरित गीते खेड्यापाड्यांतील मंडळींच्या कंठी बसत नव्हती. टिळकांनी अभंग, ओवी व पदे रचिली. कीर्तनाची परंपरा ख्रिस्ती उपासनेत आणिली. तुकोबांच्या भक्तीच्या सेतूवरून आपण ख्रिस्तचरणी पोहोचलो, असे ते मानीत. मराठी मंडळीच्या उपासनेत त्यांची गीते आजही गाइली जातात.

१९०४ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. म्हणजे बाप्तिस्म्यानंतर नऊ वर्षे त्यांनी ही साधना केली. १९१२ पासून त्यांनी 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन केले. १९०९ साली आरंभिलेल्या 'ख्रिस्तायना'चे अकरा अध्याय त्यांच्या हातून झाले. उरलेले चौसष्ट लक्ष्मीबाईंनी रचून ग्रंथ सिद्धीस नेला. जी पत्नी एके काळी धर्मामुळे दुरावली, तिनेच पतीचे धर्मकार्य पूर्ण करावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

१९१७ साली मिशनची चाकरी सोडून ते सातारा येथे राहू लागले व त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोहोंसही त्यात स्थान होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहास अग्निसंस्कार करण्यात आला.

धर्म पालटला तरी टिळकांनी मायबोली, संत आणि देश यांस अंतर दिले नाही. त्यांचा धर्म आम्हांस स्वीकारावयाचा नाही. परंतु सत्य वाटले त्यासाठी सर्वस्व सोडण्याचे धैर्य व मतभेद असलेल्या माणसाची वाट पाहण्याची सहनशीलता आम्ही अवश्य घ्यावी. ज्ञातीने एकदा दूर लोटलेल्या या सुपुत्रास आमचे सादर वंदन असो.