व्यायामशाळेतला धर्मोपदेशक

महाविद्यालयात शिकत असतानाच व्यायाम प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र मिळवावे, असा विचार आज अनेक तरुण करतात. संस्था कोणती निवडावी, घरच्यांची समजूत कशी घालावी आणि या प्रमाणपत्राला पुढे किती किंमत राहील, हे प्रश्न त्यांच्यापुढे असतात. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी कॅनडातील एका विद्यार्थ्यापुढे जवळपास हेच प्रश्न उभे ठाकले होते. त्यांचे नाव जेम्स नेस्मिथ. बास्केटबॉलचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते. परंतु त्या खेळाआधी त्यांनी घेतलेला निर्णय अधिक कठीण होता.

६ नोव्हेंबर १८६१ रोजी ऑन्टारिओ प्रांतातील आल्मन्ट गावाजवळ नेस्मिथ यांचा जन्म झाला. १८७० मध्ये विषमज्वराने आई-वडील दोघांचाही बळी घेतला आणि ही भावंडे पोरकी झाली. मामांच्या घरी वाढलेल्या जेम्सने मध्येच शाळा सोडली व काही वर्षे जंगलात लाकूडतोडीचे काम केले. पुढे त्यांनी अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण केले आणि १८८३ मध्ये मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात प्रवेश घेतला. धर्मोपदेशक व्हायचे, हे ध्येय ठरलेले होते.

प्रारंभी ते पुस्तकांतच बुडालेले असत. सहाध्यायांच्या आग्रहामुळे ते व्यायामशाळेत जाऊ लागले आणि तिथेच रमले. जिम्नॅस्टिक्स, रग्बी फुटबॉल, लॅक्रॉस या खेळांत त्यांनी नाव मिळवले. १८८७ मध्ये पदवी घेऊन ते ईश्वरशास्त्राकडे वळले, तरी मैदान सुटले नाही. सामन्यात डोळे काळेनिळे झालेले असताना दुसऱ्या दिवशी प्रवचनाला उभे राहण्याचा प्रसंगही त्यांच्यावर आला. भावी धर्मोपदेशकाने असे दांडगे खेळ खेळावेत, हे काही सहविद्यार्थ्यांना मुळीच रुचत नव्हते. त्याच काळात विद्यापीठातील व्यायामशिक्षकांचे निधन झाले व ती जबाबदारी नेस्मिथ यांच्याकडे आली. दिवसाचा काही भाग धर्मग्रंथांच्या अभ्यासात, तर काही भाग विद्यार्थ्यांना व्यायाम शिकवण्यात जाऊ लागला.

एका सामन्यात शेजारच्या खेळाडूच्या तोंडून अपशब्द निघाला आणि नेस्मिथ जवळ आहेत हे लक्षात येताच त्याने क्षमा मागितली. नेस्मिथ यांनी त्याला कधी उपदेश केलेला नव्हता. केवळ सोबत खेळणाऱ्या माणसाच्या वागणुकीचाही असा परिणाम होतो, हे त्यांना जाणवले. तरुणांवर संस्कार करण्यासाठी प्रवचनाखेरीज दुसरा मार्गही आहे, असा विचार मनात रुजला. मॉन्ट्रिअलच्या वायएमसीएच्या चिटणिसांनी त्यांना अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील प्रशिक्षण विद्यालयाची माहिती दिली.

१८९० मध्ये ईश्वरशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण होताच ते तिकडे रवाना झाले. प्रतिष्ठेचा मार्ग सोडून व्यायामशिक्षक होणे ही त्या काळी घरच्यांना उतरती पायरी वाटली. थोरल्या भगिनी अॅनी यांना हा निर्णय कधीच मान्य झाला नाही.

स्प्रिंगफील्डची निवड मात्र डोळस होती. तेथील शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख ल्यूथर गुलिक स्वतः वैद्यकीय पदवीधर होते. शरीर, मन आणि आत्मा यांचा एकत्रित विकास हे त्यांचे सूत्र होते. शिक्षण पूर्ण करून नेस्मिथ १८९१ मध्ये तेथेच अध्यापक झाले. त्या हिवाळ्यात कवायतींना कंटाळलेला अठरा जणांचा एक वर्ग कुणालाच आवरेना. गुलिक यांनी तो नेस्मिथ यांच्याकडे सोपवला आणि बंदिस्त जागेत खेळता येईल असा नवा खेळ शोधण्यास सांगितले.

नेस्मिथ यांनी शिक्षकाच्या दृष्टीने विचार केला. चेंडू घेऊन धावण्यास बंदी घातली, की धावणाऱ्याला खाली पाडण्याचे कारणच उरत नाही. लक्ष्य डोक्यापेक्षा उंच ठेवले, की नुसत्या जोरापेक्षा नेमकेपणाला महत्त्व येते. सज्जाच्या कठड्याला, दहा फूट उंचीवर, पीचच्या दोन टोपल्या ठोकण्यात आल्या, तेरा नियम लिहिले गेले आणि डिसेंबर १८९१ मध्ये पहिला सामना झाला.

एवढ्या यशानंतरही हाती असलेले शिक्षण त्यांना पुरेसे वाटले नाही. डेन्व्हरच्या वायएमसीएत काम करीत असतानाच त्यांनी वैद्यकशास्त्राचा अभ्यास केला आणि १८९८ मध्ये ते डॉक्टर झाले. त्याच वर्षी कॅन्सस विद्यापीठात ते रुजू झाले, ते व्यायामशिक्षक आणि प्रार्थनामंदिराचे संचालक अशा दुहेरी नात्याने. तेथे त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. त्याची खंत त्यांना नव्हती. विजयापेक्षा विद्यार्थ्याचे आरोग्य व वर्तन त्यांना मोलाचे वाटे. १९१६ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची रीतसर दीक्षाही मिळाली.

स्प्रिंगफील्डचा हा वारसा भारतातही पोहोचला. तेथेच शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले आणि देशातील अनेक व्यायामशिक्षक तेथे घडले.

बास्केटबॉलपासून नेस्मिथ यांनी संपत्ती जमवली नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये या खेळाला प्रथमच पदकांचे स्थान मिळाले, तेव्हा त्यांच्या प्रवासासाठी अमेरिकेतील प्रशिक्षकांनी वर्गणी गोळा केली. पावसात झालेल्या अंतिम सामन्यात त्यांची कर्मभूमी अमेरिका आणि जन्मभूमी कॅनडा समोरासमोर होत्या. अमेरिका १९-८ अशी जिंकली. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी कॅन्ससमधील लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. ईश्वरशास्त्र, शारीरिक शिक्षण आणि वैद्यक या तिन्ही विद्या त्यांनी एकाच कामासाठी आत्मसात केल्या. दुसऱ्याचे शरीर घडवण्याची जबाबदारी घेणाऱ्याने आपले शिकणे एका प्रमाणपत्रावर थांबवायचे नसते, हे त्यांनी आयुष्यभर आचरणात आणले.