चढाईचा हिशोब मांडणारा माणूस : डॉ. विष्णू माधव घाटगे

फायटर प्लेनच्या गेममध्ये टेकऑफ झाल्या झाल्या तुम्ही काय करता? थ्रॉटल फुल, स्टिक मागे आणि नाक थेट आभाळाकडे. पाच-सात सेकंद भारी वाटतं. मग स्पीड उतरायला लागतो, विमान डुलायला लागतं, स्टॉलचा अलार्म वाजतो आणि मागून आलेला कोणीतरी तुम्हाला आरामात टिपतो. तो नाक थोडंसंच वर ठेवून, स्पीड राखत, तुमच्याआधी वर पोचलेला असतो. त्याचं विमान तुमच्यासारखंच असतं. फक्त त्याचा हिशोब पक्का असतो.

हा हिशोब भारतात खऱ्याखुऱ्या विमानांसाठी ज्यांनी मांडला, त्यात अगदी पुढचं नाव एका मराठी माणसाचं आहे. डॉ. विष्णू माधव घाटगे. जन्म २४ ऑक्टोबर १९०८, कोल्हापूर भागातला. एरोनॉटिकल इंजिनिअरिंगच्या मुलांना नाव माहीत असतं, बाकीच्यांना सहसा नसतं. म्हणून आज त्यांच्याबद्दल.

आधी हिशोब समजून घ्या, म्हणजे माणूस कळेल. विमानाकडे दोन खिसे असतात : उंची आणि वेग. वेग म्हणजे हातातली कॅश, उंची म्हणजे एफडी. डाइव्ह मारली की एफडी मोडून कॅश मिळते, नाक वर केलं की उलटं होतं. ताशी ३६० किलोमीटर वेगाची किंमत उंचीत मोजली तर साधारण ५१० मीटर होते. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२० केलात तर किंमत चौपट, दोन हजार मीटरच्या वर. शेलूबाजारजवळ चढ लागायच्या आधी सोयाबीनचा भरलेला ट्रक पळवणारा ड्रायव्हर हेच करतो, फक्त तो त्याला फिजिक्स म्हणत नाही.

इंजिन म्हणजे महिन्याचा पगार. हवेचा विरोध, म्हणजे ड्रॅग, हा खर्च. पगारातून खर्च जाऊन जी शिल्लक राहते, तेवढीच चढाई. शिल्लक शून्य असेल तर नाक कितीही वर करा, तुम्ही फक्त कॅश उडवताय.

आता गंमत खर्चाची. वेग वाढला की ड्रॅग वाढतो, हे सायकलवालाही सांगेल. पण विमान फार हळू गेलं तरी ड्रॅग वाढतो! कारण कमी वेगात वजन पेलायचं तर पंख हवेला जास्त तिरका धरावा लागतो, टोकांपाशी हवेचे भोवरे तयार होतात आणि ते ऊर्जा खातात. वेग निम्मा केला तर हा खर्च चौपट होतो. नाक आभाळाकडे करून तुम्ही अडकता ते इथेच. दोन्ही खर्चांच्या मधे कुठेतरी एक वेग असतो, जिथे शिल्लक सर्वात जास्त उरते. तोच चढाईचा योग्य वेग, आणि तो प्रत्येक विमानाचा वेगळा.

पंखामागच्या या भोवऱ्यांचं गणित पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीतल्या गोटिंगेन विद्यापीठात लुडविग प्रांटल यांनी बसवलं. आजही एरोडायनॅमिक्सचं पुस्तक त्यांच्या नावाशिवाय पुढे सरकत नाही. १९३० च्या दशकात घाटगे थेट त्याच प्रांटल यांच्याकडे शिकायला गेले आणि पीएचडी करून परतले. विचार करा, देशात तेव्हा विमानाचा कारखाना नव्हता. परत येऊन हे शिक्षण वापरणार कुठे?

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली, तिचीच पुढे एचएएल झाली. घाटगे तिथे गेले. पहिलं काम काय मिळालं? दहा माणसं नेणारा ग्लायडर. इंजिनच नाही! म्हणजे पगार शून्य, दुसऱ्याने वर नेऊन दिलेली उंची हीच सगळी पुंजी, आणि ती जपून खर्च करायची. ऊर्जेचा हिशोब शिकायला याहून कडक परीक्षा मला तरी सुचत नाही.

डिसेंबर १९४२ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये एरोनॉटिकल इंजिनिअरिंगचा विभाग सुरू झाला, तोही घाटग्यांच्या नेतृत्वाखाली. एकीकडे कारखाना, दुसरीकडे त्या कारखान्याला पुढे लागणारी पोरं तयार करणं.

स्वातंत्र्यानंतर आलं त्यांचं खरं नाव करणारं विमान, एचटी-२. भारतात डिझाइन होऊन भारतातच बनलेलं पहिलं इंजिनवालं विमान. ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते पहिल्यांदा उडवलं. दोन सीट, एकामागे एक : एक शिकणारा, एक शिकवणारा. चाकं आत जात नाहीत, वजन टनाच्या आसपास, आणि इंजिन १५५ हॉर्सपॉवरचं. गावाकडचे ५० एचपीचे तीन ट्रॅक्टर एकत्र केले की झालं एवढं.

ही सगळी ताकद फक्त वर जाण्यात लागली असती, तर विमान सेकंदाला अकरा-बारा मीटर चढलं असतं. प्रत्यक्षात प्रोपेलर आपला वाटा खातो, ड्रॅग आपला खातो, आणि हातात निम्म्याहूनही कमी उरतं. एवढ्याशा शिलकीत विमान असं बनवायचं, की पहिल्यांदा स्टिक धरलेल्या पोराने चूक केली तरी ते सावरता यावं. आपल्याकडे गेम रिस्टार्ट होतो, त्या पोराकडे ती सोय नव्हती. हवाई दलाच्या कित्येक वैमानिकांनी चढाई म्हणजे काय हे याच विमानात शिकून घेतलं. १९५९ मध्ये घानाचं हवाई दल उभं राहिलं, तेव्हा तिथेही एचटी-२ गेली.

याच काळात बंगळुरूला जर्मन डिझायनर कुर्ट टांक आले आणि त्यांनी मारुत हे जेट फायटर बनवलं. जून १९६१ मध्ये ते उडालं. देखणं, सडपातळ, खर्च कमी असलेलं शरीर. पण ज्या ताकदवान इंजिनावर डिझाइन बेतलं होतं ते कधी आलंच नाही, आणि दोन छोट्या ऑर्फियस इंजिनांवर भागवावं लागलं. म्हणजे काटकसरी माणूस, पण पगारच तुटपुंजा. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर मारुतने खालून वेगाने जात जमिनीवरचे हल्ले चांगले केले. जोरात वळणं घेत वर चढायच्या लढाईसाठी मात्र लागणारी शिल्लक त्याच्याकडे नव्हती. मारुतवर अजून वाद झडतात. ट्रेनर विमानांवर कोणी वाद घालत नाही, सिनेमाही काढत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं.

कारण घाटगे ट्रेनरच बनवत राहिले. एचटी-२ नंतर फ्लाइंग क्लबांसाठीचं ९० हॉर्सपॉवरचं पुष्पक आलं, आणि मग किरण, शिकाऊ वैमानिकांसाठीचं भारतीय जेट. त्याच्या डिझाइनची सुरुवात घाटग्यांच्याच हाताखाली झाली. ४ सप्टेंबर १९६४ ला सुरंजन दास यांनी ते पहिल्यांदा उडवलं. १९६५ मध्ये घाटग्यांना पद्मश्री मिळाली.

६ डिसेंबर १९९१ ला ते गेले. त्यानंतर पाच वर्षांनी हवाई दलाने सूर्यकिरण ही कसरतींची टीम उभी केली. तुमच्या घरच्यांनी टीव्हीवर पाहिलेली ती लाल-पांढरी नऊ विमानं, एकमेकांना जवळजवळ चिकटून लूप मारणारी, २०११ पर्यंत किरणच होती. पुढच्या वेळी तो जुना व्हिडिओ लागला तर लूपकडे नीट बघा. खाली येताना ती वेग गोळा करतात आणि वर जाताना तोच वेग उंचीत भरतात. माथ्यावर पोचतात तेव्हा वेग पार कमी झालेला असतो, पण संपलेला नसतो.