ड्वाइट मूडी व त्यांच्या दोन शाळा

विद्यार्थिमित्रहो, ज्याला स्वतः शाळेंत फार काळ बसावयास मिळालें नाहीं, अशा एका पुरुषानें पुढें दोन नामांकित शाळा काढल्या. त्यांचें नांव ड्वाइट लायमन मूडी. धर्मोपदेशक म्हणून त्यांची कीर्ति मोठी आहे. परंतु शाळासंस्थापक म्हणून त्यांचें चरित्र तुम्हीं व तुमच्या पालकांनीं मुद्दाम वाचण्यासारखें आहे.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत नॉर्थफील्ड नांवाचें खेडें आहे. तेथें ता. ५ फेब्रुवारी १८३७ रोजीं ड्वाइटचा जन्म झाला. वडील गवंडीकाम करीत. ड्वाइट चार वर्षांचा असतां ते अकस्मात् वारले. घरांत सात मुलें होतीं. महिन्याभरांत जुळ्यांची भर पडली. सावकारांनीं चीजवस्तू तर नेलीच, पण घरांतील सरपणहि सोडलें नाहीं. मुलें इतरांकडे वांटून देण्याचा सल्ला शेजाऱ्यांनीं आईला दिला. त्या माउलीनें तो मानला नाहीं. मुलें जरा मोठीं होतांच दुसऱ्यांच्या शेतांवर राबूं लागलीं व ड्वाइटचें शिक्षण मागें पडलें.

सतराव्या वर्षीं तो बोस्टन शहरांत मामाच्या जोड्यांच्या दुकानांत नोकरीस लागला. तेथील रविवारच्या शाळेंत पहिल्याच दिवशीं त्याची फजिती झाली. शिक्षकांनीं योहानाचें शुभवर्तमान काढावयास सांगितलें, तर हा तें पुस्तकाच्या आरंभीं शोधूं लागला. वर्गांतील मुलें एकमेकांकडे पाहून हसूं लागलीं. शिक्षक एडवर्ड किंबल यांनीं एक शब्दहि न बोलतां आपलें उघडलेलें पुस्तक त्याच्या हातीं दिलें व त्याची लाज राखली. गुरूची ही माया पुढें त्याच्या सर्व आयुष्यास वळण देणारी ठरली.

१८५६ सालीं मूडी शिकागोस गेले. तेथें रस्त्यांत भटकणाऱ्या मुलांसाठीं त्यांनीं रविवारची शाळा काढली. १८७३ ते १८७५ पर्यंत इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड येथें त्यांचीं व्याख्यानें ऐकावयास हजारों लोक लोटले. तरीहि लिहितांना त्यांच्या शुद्धलेखनाच्या चुका होत, आणि शिक्षण राहून गेल्याची खंत त्यांना जन्मभर वाटली.

एकदां ते आपल्या गांवाजवळील टेंकड्यांतून गाडींतून जात होते. एका एकाकी घराच्या दारांत एक आई व तिच्या मुली गवती टोप्या विणीत बसल्या होत्या. बाप पक्षाघातानें अंथरुणास खिळलेला. ह्या मुलींस शिक्षण कोठून मिळणार, हा विचार त्यांच्या मनास लागला. ता. ३ नोव्हेंबर १८७९ रोजीं पंचवीस मुलींची शाळा नॉर्थफील्ड येथें सुरू झाली. ता. ४ मे १८८१ रोजीं नदीपलीकडे माउंट हर्मन ही मुलग्यांची शाळा निघाली. तिला हायरम कँप नांवाच्या घड्याळांच्या कारखानदारानें २५,००० डॉलर दिले. मूडी व त्यांचे गायक सहकारी सँकी यांच्या गीतसंग्रहाचें उत्पन्नहि दोघांनीं स्वतःस न घेतां अशा कामांस लावलें.

ह्या शाळांत महाविद्यालयाची तयारी करून घेत. जेवणखाण व शिक्षण यांची वार्षिक फी शंभर डॉलर, म्हणजे खऱ्या खर्चाच्या सुमारें निम्मी. मात्र प्रत्येकानें रोज अभ्यासाबरोबर हातानें काम केलेंच पाहिजे, हा नियम होता. मुली स्वयंपाक, धुणें व झाडलोट करीत; मुलगे शेतावर व गोठ्यांत राबत. यामुळें खर्च कमी होई, आणि श्रमाची लाजहि नाहींशी होई. माउंट हर्मन येथें पुढें सोळा वर्षांवरील मुलगेच घेऊं लागले. ज्यांचें शिक्षण गरिबीमुळें अर्धवट राहिलें होतें, असे मोठे तरुण तेथें प्राथमिक धडे गिरवीत. गुलामगिरींत जन्मलेले टॉमस बेकर ह्याच शाळेंत शिकले व १९०३ सालीं येल विद्यापीठाचे तत्त्वज्ञानाचे डॉक्टर झाले. दक्षिण आफ्रिकेंत १९१२ सालीं राष्ट्रीय काँग्रेस स्थापण्यांत पुढाकार घेणारे पिक्सले सेमे हेहि येथलेच विद्यार्थी.

ह्या शाळेचा आपल्या महाराष्ट्राशींहि एक धागा आहे. १८८६ च्या उन्हाळ्यांत तेथें अडीचशें महाविद्यालयीन विद्यार्थी जमले व त्यांपैकीं शंभरांनीं परदेशीं सेवेस जाण्याचा निश्चय केला. त्यांना प्रेरणा देणारे रॉबर्ट वाइल्डर यांचा जन्म १८६३ सालीं कोल्हापूर येथें झाला होता. त्यांचे वडील तेथें मिशनरी होते.

ता. २२ डिसेंबर १८९९ रोजीं मूडींनीं जन्मगांवींच देह ठेवला. १९७१ सालीं त्यांच्या दोन्ही शाळा एक झाल्या, आणि २००५ पासून ती शाळा माउंट हर्मनच्याच आवारांत भरते. विद्यार्थ्यांनीं हातानें काम करण्याची रीत तेथें टिकून आहे.

मुलांनो, वर्गांत एखादा नवा मुलगा चुकला तर त्यास हसण्यापूर्वीं किंबल गुरुजींचें तें उघडें पुस्तक आठवा. आणि पालकहो, तुमचा मुलगा शाळेंत झाडू हातीं घेतो म्हणून खेद मानूं नका. जें आपणांस मिळालें नाहीं तें दुसऱ्याच्या लेंकरांस मिळावें, ह्या एका इच्छेनें गवंड्याच्या पोरक्या पोरानें केवढें कार्य केलें, तें डोळ्यांपुढें ठेवा.