सरकारशी भांडणारे डांगे सरकारच्या बाजूला का गेले?

सातपूर एमआयडीसीत कंपन्यांच्या गेटवर युनियनचे लाल झेंडे आपण येता-जाता पाहतो. हा झेंडा मुंबईच्या गिरणगावात रुजवणाऱ्यांपैकी एक नेता आपल्याच जिल्ह्यातला. कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे. जन्म १० ऑक्टोबर १८९९, निफाड तालुक्यातलं करंजगाव.

डांगेंची सुरुवात शंकेपासून झाली. १९२१ मध्ये सगळा देश गांधीजींच्या मागे निघालेला असताना, एकविशीतल्या या तरुणाने ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही इंग्रजी पुस्तिका लिहिली. दोघांचे मार्ग ताडून पाहिले आणि लेनिनकडे झुकले.

मग इंग्रज सरकारशी थेट सामना. १९२४ मध्ये कानपूर खटल्यात चार वर्षांची शिक्षा. सुटून आल्यावर १९२८ चा गिरणी संप, जो जवळपास सहा महिने चालला. १९२९ मध्ये मीरत खटल्यात पुन्हा अटक.

पण विचारसरणी पक्की झाली की अडचणीही येतात. हिटलरने रशियावर हल्ला केला आणि कम्युनिस्ट पक्षाने महायुद्धाला लोकयुद्ध म्हटलं. १९४२ च्या ‘चले जाव’पासून पक्ष लांब राहिला. याचा ठपका पुढे कितीतरी वर्षं पुसला गेला नाही. डांगे मात्र लोकांत परतले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते आघाडीवर होते आणि १९५७ मध्ये मुंबईतून लोकसभेवर निवडून गेले. १९६२ च्या चीन युद्धात त्यांनी भारताची बाजू घेतली. त्यावरून पक्षात आधीच असलेले वाद चिघळले आणि १९६४ मध्ये पक्ष फुटला.

खरा पेच १९७५ चा. इंदिरा गांधींचं सरकार पुरोगामी आहे, या हिशेबाने डांगे आणि त्यांच्या पक्षाने आणीबाणीला पाठिंबा दिला. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, विरोधक तुरुंगात गेले. त्याच सरकारने कामगारांचा किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला. नंतर पक्षाने पाठिंबा चुकला असं मान्य केलं, डांगेंनी केलं नाही. १९८१ मध्ये पक्षाने त्यांना काढून टाकलं. २२ मे १९९१ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

कॅम्पसमध्ये आज डावा की उजवा, असं कुणीही पटकन विचारतं. उत्तर देताना मी अडखळते, आणि डांगे वाचल्यावर त्याचं फार वाईट वाटत नाही. गांधीजींना प्रश्न विचारणारा एकविशीतला डांगे मला जवळचा वाटतो. तोच प्रश्न पंच्याहत्तरीत, आपल्या वाटणाऱ्या सरकारला का विचारला गेला नाही? ज्या पक्षाला आपण मत देणार, त्याच्या सरकारला तरी आपण तो विचारू का?